त्रिरश्मीवरील राजशासने : प्राचीन भारतीय राज्यनीती आणि आजचे नेतृत्व

प्राचीन भारतीय राज्यनीतीचा उल्लेख आज प्रामुख्याने दोन ठिकाणी होतो. एक राजकीय भाषणांत आणि दुसरा व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत व प्रशिक्षण शिबिरांत. दोन्हीकडे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील निवडक वचने नेतृत्वाची सूत्रे म्हणून सांगितली जातात. या वाचनात एक मूलभूत उणीव राहते. शास्त्रग्रंथ राजाने काय करावे हे सांगतो, राजांनी प्रत्यक्षात काय केले हे सांगत नाही, आणि नेतृत्वाचा विचार केवळ उपदेशावर उभारला तर त्याला व्यवहाराची कसोटी लागत नाही. ही कसोटी लावण्यासाठी शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्याकडे वळावे लागते, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजेच पांडवलेण्यांतील कोरीव लेखांइतके समृद्ध साधन क्वचितच आढळते. ग्रंथांतील सिद्धांत आणि या लेखांतील व्यवहार शेजारी ठेवून पाहिले असता प्राचीन राज्यनीतीकडून आजच्या नेतृत्वाला नेमके काय घेता येईल आणि काय घेता येणार नाही, याचा आढावा येथे घेतला आहे.

ग्रंथपरंपरा आणि तिचा काळ

राज्यनीतीवरील प्राचीन वाङ्मय विपुल आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील राजधर्म, मनुस्मृतीचा सातवा अध्याय, कामंदकाचा ‘नीतिसार’ आणि या सर्वांत तपशीलाच्या दृष्टीने अजोड असे कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ ही त्यातील ठळक नावे होत. ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित प्रत म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि त्यांनी 1909 मध्ये तिचे मुद्रित रूप प्रसिद्ध केले. पुढे आर. पी. कंगले यांनी चिकित्सक संहिता, इंग्रजी भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड मुंबई विद्यापीठातर्फे 1960 ते 1965 या काळात सिद्ध केले, आणि आजही जगभरचे अभ्यासक या कामाचा आधार घेतात.

पंधरा अधिकरणांच्या या ग्रंथाचा गाभा ‘सप्तांग’ कल्पनेत आहे. स्वामी म्हणजे राजा, अमात्य म्हणजे मंत्री व अधिकारी, जनपद म्हणजे प्रदेश व प्रजा, दुर्ग, कोश, दंड म्हणजे सैन्य व शासनशक्ती, आणि मित्र अशी राज्याची सात अंगे मानलेली असून त्यांपैकी एक दुबळे झाले तरी राज्य पंगू होते, असा तिचा आशय आहे. राजा हे यातील एक अंग आहे, अख्खे राज्य नव्हे, ही गोष्ट नेतृत्वाची चर्चा करणारे पुष्कळदा विसरतात. ग्रंथाचा भर राजाच्या तेजापेक्षा यंत्रणेच्या रचनेवर आहे. अधिकाऱ्यांची पारख चार प्रकारच्या प्रलोभनांनी व भयांनी कशी करावी, अपहाराचे चाळीस प्रकार कोणते, एका खात्यावर अनेक प्रमुख का नेमावेत आणि त्यांना कायमचे एका जागी का ठेवू नये, ‘अक्षपटल’ म्हणजे हिशेबाचे दप्तर कसे चालवावे, राजाज्ञा लिहिताना अर्थाचा क्रम, पूर्वापर संबंध, परिपूर्णता आणि स्पष्टता कशी सांभाळावी, यांचे विवेचन त्यात पानोपानी येते.

या ग्रंथाच्या काळाबद्दल मतभेद आहेत. परंपरेने तो चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याच्या, म्हणजे चाणक्याच्या नावावर मांडला जातो. तथापि पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्यासारख्या अलीकडच्या संशोधकांनी त्याची मूळ रचना इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आसपास आणि आजचे रूप त्यानंतरचे ठरवले आहे. हे मत ग्राह्य धरले तर एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ‘अर्थशास्त्र’ आकार घेत होते त्याच सुमारास सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सातवाहन राजे आणि क्षहरात कुळातील क्षत्रप म्हणजे प्रांताधिपती यांचा संघर्ष चालू होता, आणि त्या संघर्षातील राजाज्ञा नाशिकला खडकात कोरल्या जात होत्या. ग्रंथ आणि व्यवहार अशा रीतीने समकालीन ठरतात.

गोवर्धन आहार : संघर्षाची भूमी

त्रिरश्मी डोंगर नाशिक शहराच्या दक्षिणेस मुंबई–आग्रा महामार्गालगत असून त्यावर 24 लेणी आहेत. सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक असलेले क्रमांक 19 चे लेणे सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या श्रमणमहामात्राने, म्हणजे भिक्षुसंघाशी संबंधित कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, खोदवले. महामात्र हे अधिकारपद अशोकाच्या शिलालेखांत वारंवार येते आणि त्या लेखांपैकी आठव्या व नवव्याचे तुकडे कोकणात सोपारा येथे सापडले आहेत. मौर्य सत्ता लोपल्यानंतरही तिची प्रशासनिक घडी नव्या राजकुळाने मोडली नाही, हे एवढ्या एका पदनामावरून दिसते.

त्या काळी या प्रदेशाला ‘गोवर्धन आहार’ म्हणत. ‘आहार’ म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, आणि त्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गोवर्धनाचे नाव नाशिकच्या पश्चिमेस गंगापूरजवळच्या गावाने अजून राखले आहे. या विभागाचे मोल त्याच्या स्थानात होते. कोकणातील सोपारा व कल्याण ही बंदरे, घाटमाथा आणि प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जाणारा व्यापार यांच्या वाटेवर तो वसलेला होता. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत, कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात असल्याची नोंद आहे. व्यापाराच्या जकातीवरून दोन सत्तांमध्ये चाललेली ही ओढाताण होती. क्षहरात क्षत्रप नहपान याने काही काळ हा प्रदेश ताब्यात घेतला आणि पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत जिंकला. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश नाणी नहपानाची असून त्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उठवलेली आहे. पराभूत राजाचे चलन बाद करून व्यापाराची कोंडी करण्यापेक्षा त्यावर आपली मुद्रा ठोकून ते चालू ठेवणे त्याला सोयीचे वाटले. विजयानंतरचा हा निर्णय राजकीय होता तितकाच आर्थिकही होता.

एक आज्ञा आणि तिची दुरुस्ती

लेणे क्रमांक 3 मध्ये गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा कोरलेल्या आहेत, आणि राज्यनीतीच्या अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा अशा त्या आहेत. पहिली त्याच्या राज्यवर्ष 18 मधील असून विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताला उद्देशून काढलेली आहे. आदल्या राजवटीत नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले पश्चिम कखडी गावातील 200 निवर्तने क्षेत्र त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, असे तीत सांगितले आहे. निवर्तन हे जमिनीचे तत्कालीन माप. या दानाबरोबर ‘परिहार’ म्हणजे सवलती दिल्या आहेत. त्या जमिनीत राजपुरुषांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर अंमल चालवू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. आज्ञा तोंडी कोणत्या अमात्याने दिली आणि लेख कोणी सिद्ध केला, त्यांची नावेही नोंदली आहेत.

दुसरी आज्ञा सहा वर्षांनंतरची, राज्यवर्ष 24 मधील आहे. ती गोवर्धनचा तत्कालीन अमात्य श्यामक याला उद्देशून राजा आणि राजमाता यांच्या वतीने काढलेली आहे. पूर्वी दिलेले कखडीचे शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, हे तीत स्पष्ट नमूद केले असून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून 100 निवर्तने भिक्षूंना द्यावीत, असा हुकूम आहे. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या काळातही असाच प्रकार घडला आणि आधी दिलेले सुदर्शन गाव बदलून दुसरे गाव देण्यात आले.

या दोन आज्ञांचे महत्त्व दानाच्या रकमेत किंवा क्षेत्रफळात नाही. विजयाच्या धुंदीत छावणीतून काढलेला हुकूम जमिनीवर निरुपयोगी ठरला, ही बातमी स्थानिक पातळीवरून राजापर्यंत पोहोचली, राजाने ती झाकून ठेवली नाही आणि चुकीची कबुली देणारा मजकूर त्याच लेण्यात, मूळ आज्ञेच्या जवळच कोरला गेला. क्षेत्र निम्म्यावर आले तरी ते नगराजवळचे व उपयोगी होते, म्हणजे दिखाऊ आकड्यापेक्षा परिणामाला महत्त्व मिळाले. पडीक जमीन न कसणाऱ्याकडून काढून दुसऱ्याला द्यावी, असे ‘अर्थशास्त्र’ सांगते. नाशिकच्या राजाने त्याच तत्त्वाचा उपयोग स्वतःच्या दानाच्या दुरुस्तीसाठी केला. राजाला निर्णय फिरवता येतो आणि तो फिरवल्याची नोंद ठेवल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, हा या लेखांतून निघणारा पहिला धडा होय.

ठेव, व्याज आणि श्रेणी

गौतमीपुत्राच्या आधीच्या राजवटीचा व्यवहार लेणे क्रमांक 10 मध्ये दिसतो. नहपानाचा जावई, दीनीकपुत्र उषवदात याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केले आणि त्याच्या खर्चासाठी 3,000 कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ म्हणजे कायम ठेव दिली. कार्षापण हे तत्कालीन चांदीचे नाणे होय. ही रक्कम त्याने स्वतःच्या खजिन्यात किंवा संघाच्या हाती ठेवली नाही. गोवर्धनमधील कोष्ट्यांच्या एका श्रेणीत दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीत एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने गुंतवली. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील कारागिरांचा संघ. मूळ रक्कम कधीही परत घ्यायची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा, अशी अट घातली. दोन हजारांचे वार्षिक व्याज 240 कार्षापण होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे लेखात ठरवून दिले आहे. हिशेब अचूक जुळतो. ‘अर्थशास्त्रा’ने न्याय्य मानलेला दर दरमहा शेकडा सव्वा पण आहे, आणि व्यापारी, अरण्यमार्गी व समुद्रगामी कर्जांवर तो याहून कितीतरी जास्त आहे. त्या तुलनेत गोवर्धनचे दर खूप खाली आहेत आणि त्यांवरून ठेव सुरक्षित मानली जात होती असे अनुमान काढता येते. कारागिरांच्या श्रेणींनी ठेवी कशा स्वीकाराव्यात आणि संकट आल्यास त्या ठेवीची जबाबदारी श्रेणीवर कशी राहते, याचे नियम ‘अर्थशास्त्रा’च्या चौथ्या अधिकरणात आहेत.

या व्यवहाराची पूर्तता ज्या पद्धतीने झाली ती अधिक लक्षणीय आहे. संपूर्ण दान निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापारी व नागरिकांच्या सभेत ऐकवण्यात आले आणि दप्तरात रीतीप्रमाणे नोंदवण्यात आले. राजाचा जावई असूनही उषवदाताने भिक्षूंच्या अन्नासाठी लागणारे एक शेत बळाने घेतले नाही. ते एका ब्राह्मणाकडून 4,000 कार्षापणांना खरेदी केल्याचे त्याने लिहून ठेवले. अन्य एका लेखात भडोच, दशपुर, गोवर्धन व सोपारा येथील धर्मशाळा, विहिरी, तलाव आणि तापी, दमण, पारदा, डहाणूका यांसारख्या नद्यांवरील विनामूल्य नावा यांची यादी आहे. त्यातून दळणवळण हे सत्तेचे कर्तव्य मानले गेल्याचे दिसते.

श्रेणींवरील हा विश्वास एका राजवटीपुरता नव्हता. क्षहरात गेले, सातवाहन आले आणि तेही ओसरले. तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने याच लेण्यात, आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवल्याची नोंद केली, आणि ती ठेव गोवर्धनमधील कुंभार, जलयंत्रे तयार करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे सोपवली. तीन राजकुळांच्या उदयास्तांतून टिकून राहिली ती श्रेणीची पत. तिच्यावर अवलंबून राहून राजे, राजजामाते आणि सामान्य स्त्रियाही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कामे उभी करू शकले.

प्रशस्ती आणि वास्तव

नाशिकचा सर्वांत प्रसिद्ध लेख मात्र आज्ञांचा नव्हे, प्रशस्तीचा आहे. पुळुमावीच्या राज्यवर्ष 19 मध्ये गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने आपल्या दिवंगत पुत्राचे गुणगान कोरवले. त्यात त्याने क्षहरातांचा समूळ उच्छेद केला, सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापित केले, धर्मानुसार कर घेतले, अपराधी शत्रूचीही हिंसा टाळली आणि नागरिकांची सुखदुःखे आपली मानली, असे वर्णन येते. प्रजेच्या सुखात राजाचे सुख पाहण्याचा जो आदर्श ‘अर्थशास्त्रा’त आहे, त्याचेच हे राजमातेच्या मुखातून आलेले रूप आहे.

तथापि प्रशस्ती ही प्रशस्ती म्हणूनच वाचावी लागते. त्याच लेखात वर्णसंकर थांबवल्याचा गौरव आहे, तर कान्हेरीच्या एका लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी कार्दमक कुळातील, म्हणजे शक महाक्षत्रपाची कन्या असल्याचे दिसते. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राच्या सत्तेखाली सांगितलेले सौराष्ट्र, कुकुर, अपरांत व अनूप यांसारखे प्रदेश इ.स. 150 च्या जुनागढ लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन आपल्या नावावर सांगतो, आणि आपण सातकर्णीला दोनदा हरवले तरी निकटच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही, असा दावाही करतो. घोषणेत शत्रुत्व आणि शुद्धता, व्यवहारात सोयरीक आणि तडजोड, असे हे चित्र आहे.

विरोधाची नोंद ठेवण्याच्या बाबतीत मात्र याच जुनागढ लेखाने एक आदर्श घालून दिला आहे. तेथील सुदर्शन तलावाचे फुटलेले बांध पुन्हा बांधण्यास मंत्र्यांनी विरोध केला होता, कारण भगदाड फार मोठे होते, असे रुद्रदामन स्वतः लिहून ठेवतो, आणि प्रजेवर जादा कर किंवा वेठ न लादता आपल्या कोशातून सुविशाख या पह्लव अमात्याकडून ते काम करवून घेतल्याचेही सांगतो. निर्णयाच्या विरोधात गेलेले मत राजाच्या गौरवलेखात टिकून राहावे, ही गोष्ट राज्यनीतीच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

या परंपरेच्या काळ्या बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. ‘अर्थशास्त्रा’त हेरांचे जाळे सर्वव्यापी आहे. कोश रिता झाल्यास लोकांच्या श्रद्धेचा फायदा घेऊन पैसा उभा करण्याच्या युक्त्या त्यात आहेत. शिक्षा वर्णानुसार बदलतात. उषवदाताच्या लेखात प्रभास येथे ब्राह्मणांना आठ भार्या दान केल्याचा उल्लेख पुण्यकृत्य म्हणून येतो. समता, स्त्रीचे स्वातंत्र्य आणि नागरिकांचे खाजगीपण या आजच्या राज्यघटनेच्या पायाभूत कल्पना त्या काळाच्या चौकटीत बसत नाहीत. त्यामुळे प्राचीन राज्यनीती जशीच्या तशी आज लागू करावी असे म्हणणारे तिचा इतिहास आणि आजची राज्यघटना या दोहोंशी प्रतारणा करतात.

आजच्या नेतृत्वासाठी

मग या परंपरेतून घेण्यासारखे काय उरते? राजाच्या पराक्रमाचे किंवा कूटनीतीचे आकर्षण बाजूला ठेवले तर नाशिकच्या लेखांतून तीन टिकाऊ तत्त्वे समोर येतात.

पहिले तत्त्व म्हणजे निर्णयाचे पुनरवलोकन. लोकशाहीत एखादी योजना जाहीर करणे सोपे आणि ती फसल्याचे मान्य करणे अवघड असते, कारण दुरुस्ती म्हणजे पराभव असे विरोधक व समर्थक दोघेही मानतात. गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा या समजुतीला उत्तर देतात. ग्रामपंचायत असो, महापालिका असो वा खाजगी कंपनी, दिलेला निधी किंवा जमीन प्रत्यक्षात उपयोगात आली काय, हे ठरावीक मुदतीने तपासणे आणि न आल्यास लेखी बदल करणे ही नेतृत्वाची नित्य जबाबदारी मानली पाहिजे.

दुसरे तत्त्व उघडेपणाचे आहे. दान निगमसभेत वाचून दाखवणे आणि दप्तरात नोंदवणे यांमागे हेतू एकच होता, तो म्हणजे दात्याच्या पश्चात कोणीही शब्द फिरवू नये. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 सार्वजनिक संस्थांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते, आणि 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. नाशिक जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांत आजही ठराव वाचले जातात, पण ते ऐकण्यासाठी गाव जमते का, यावर त्या तरतुदींचे यश अवलंबून आहे.

तिसरे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे आहे. नेत्याने आपल्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या संस्थांवर विश्वास टाकावा आणि त्यांच्या कारभारात हात घालू नये. सातवाहन आज्ञेतील परिहार म्हणजे राजाने स्वतःच्या अधिकाऱ्यांवर घातलेले बंधन होते. उषवदाताची ठेव म्हणजे राजघराण्याने कारागिरांच्या संघावर टाकलेला विश्वास होता. महाराष्ट्रात सहकारी पतसंस्था, साखर कारखाने आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या ही श्रेणींच्या जातीची आधुनिक रूपे आहेत. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्ससारख्या संस्थेने द्राक्षउत्पादक शेतकऱ्यांना एकत्र करून निर्यातीपर्यंत मजल मारली, तेव्हा तिच्यामागे याच प्रकारची सामूहिक पत होती. याउलट राज्यात जेथे सहकारी संस्था राजकीय गटांच्या ताब्यात गेल्या आणि कर्जे हिशेबापेक्षा नात्यागोत्यांवर वाटली गेली, तेथे ठेवीदारांना वर्षानुवर्षे फेऱ्या माराव्या लागल्या. मूळ रकमेला हात न लावण्याची अट उषवदाताने खडकात कोरून ठेवली होती. सहकारात ती अट मोडली की सर्वप्रथम पत जाते.

या तिन्ही तत्त्वांचा रोख व्यक्तीकडून यंत्रणेकडे आहे. सप्तांग सिद्धांतातही राजा सात अंगांपैकी एक आहे. व्यवस्थापनाच्या शिबिरांत जो चाणक्य सांगितला जातो तो एकट्या बुद्धिमान माणसाचा, बहुधा कपटाचा चाणक्य असतो. शास्त्रग्रंथातील आणि शिलालेखांतील राज्यनीती मात्र हिशेब, नोंदी, बदल्या, ठेवी आणि दुरुस्त आज्ञा यांनी भरलेली आहे. हे दुसरे चित्र कमी रंजक आहे, पण अधिक खरे आणि अधिक उपयोगी आहे.

म्हणून नेतृत्वाचे धडे शोधणाऱ्यांनी बलश्रीच्या प्रशस्तीपेक्षा गोवर्धनच्या अमात्यांना पाठवलेल्या आज्ञा आणि कोष्ट्यांच्या श्रेणीतील ठेवींची नोंद अधिक काळजीपूर्वक वाचली पाहिजे. गौतमीपुत्राचे साम्राज्य त्याच्यानंतर काही पिढ्यांत आटले, पण त्याची दुरुस्त केलेली आज्ञा पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात अजून वाचता येते. आपला निर्णय तपासून, गरज पडल्यास बदलून, त्याची नोंद सर्वांसमोर ठेवण्याची तयारी आजच्या नेत्यांनी दाखवली, तर प्राचीन राज्यनीतीचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे गेला असे म्हणता येईल.